थंड पेयं, लिंबूपाणी आणि दातांची झीज: परभणीच्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही परभणी जिल्ह्यातले. मोठा मुलगा १८ वर्षांचा, लातूरला नीटच्या तयारीसाठी राहतो. त्याच्या समोरच्या वरच्या दातांच्या कडा आरपार दिसायला लागल्यात आणि गार पाणी प्यायलं की कळ येते. तिथल्या दंतवैद्यांनी पेयांमुळे इनॅमल झिजलं असं सांगितलं. तो म्हणतो, मी शुगर-फ्री पितो आणि दोन वेळा ब्रश करतो, मग झिजेल कसं? झिजलेलं परत येतं का? घरचं लिंबू सरबत, उसाचा रस, ताकसुद्धा बंद करायचं का? धाकटी सात वर्षांची आहे, तिच्या नव्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे आहेत. तेही पेयांमुळेच का? आमच्याकडे पाणी बोअरचं आहे."

ताई, लातूरच्या डॉक्टरांचं म्हणणं मला बरोबर वाटतं. रात्री उशिरापर्यंत अभ्यास, टेबलावर एनर्जी ड्रिंकचा कॅन किंवा कोल्ड्रिंकची बाटली, दर पानामागे एक घोट. ट्यूशन एरियातून सुट्टीला घरी आलेल्या मुलांच्या तोंडात मला त्याच खुणा दिसतात. पटाशीच्या दातांच्या कडा पातळ, समोरचा भाग जरा जास्तच गुळगुळीत, दाढांच्या टोकांवर वाटीसारखे उथळ खळगे. कधी आधी भरलेलं सिमेंट दातापेक्षा वर आलेलं दिसतं, कारण सिमेंट जागेवर राहिलं आणि भोवतीचा दात खाली गेला.

झिजलेलं इनॅमल परत येत नाही. हे कानाला कठोर वाटेल, पण आधी सांगितलेलं बरं, कारण "इनॅमल परत आणणारी" पेस्ट आणि पावडर विकणारे खूप आहेत. इनॅमल हे शरीरातलं सर्वांत कठीण कवच आहे, हाडापेक्षाही. वजनाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, नंतर संपतात. मोडलेलं हाड जुळतं कारण हाडात जिवंत पेशी असतात. इनॅमलमध्ये एकही नसते. मात्र आम्लाने नुसता मऊ पडलेला, अजून निघून न गेलेला वरचा थर पुन्हा कठीण होऊ शकतो. लाळेत विरघळलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात परत जाऊन बसतं आणि फ्लोराइड त्याला मदत करतं. तुमच्या मुलाचे दात वाचवायचे ते याच टप्प्यावर.

आता "शुगर-फ्री पितो, मग झिजेल कसं" हा त्याचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, मुलगा विचार करतोय. दातांचं नुकसान पेयांमुळे दोन वाटांनी होतं, आणि साखर त्यातल्या एकाच वाटेवर असते.

पहिली वाट किडीची. दातांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो. पेयातली साखर त्या जिवाणूंना मिळते, ते आम्ल तयार करतात, आणि त्या थराखाली दात पोखरला जातो. त्यामुळे कीड बहुधा दाढांच्या खाचांत, दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला सापडते, म्हणजे जिथे ब्रश नीट पोहोचत नाही तिथे. दुसरी वाट थेट आम्लाची. इथे जिवाणूंची गरजच नसते. पेयातलं आम्ल स्वच्छ, चकचकीत दातालाही विरघळवतं. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, लिंबू-संत्र्याच्या चवीच्या पेयांत आणि बऱ्याच एनर्जी ड्रिंकमध्ये सायट्रिक आम्ल. सायट्रिक आम्ल तर कॅल्शियमला धरून ओढून घेतं, म्हणून ते जास्त त्रासदायक. साखर काढून गोडवा देणारं रसायन घातलं की किडीची वाट बंद होते. आम्ल तेवढंच राहतं, आणि शुगर-फ्री कोला दात झिजवतोच.

तुम्ही शेतकरी घरातल्या असाल तर माती परीक्षणाच्या अहवालावर "सामू" (पीएच) हा रकाना पाहिला असेल. सात म्हणजे ना आम्ल ना अल्क. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा सातच्या वर असतो, लाळेचा सातच्या जवळपास. तोंडातला सामू ५.५ च्या खाली आला की इनॅमलमधलं खनिज सुटायला लागतं. सामूचा एक अंक कमी होणं म्हणजे आम्लता दहापट होणं. कोलाचा सामू साधारण २.५ असतो, म्हणजे दाताला सोसवणाऱ्या मर्यादेच्या हजारपट आम्ल. लिंबाचा रस त्याहून थोडा खाली, दोन ते अडीचच्या दरम्यान. इनॅमलच्या आतला पिवळसर थर, डेंटिन, तर सहाच्या वरच्या सामूलाही विरघळू लागतो. म्हणून एकदा इनॅमल पातळ होऊन डेंटिन उघडं पडलं की झीज वेग घेते, दात पिवळे दिसतात आणि गार-गरम-गोड काहीही लागलं की शिरशिरी उठते.

पण सामूचे आकडे पाहून लगेच घरातली सगळी पेयं फेकू नका. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते किती प्यायलं याकडे नाही, दाताला किती वेळा आणि किती वेळ लागलं याकडे. माझ्यासमोर खुर्चीत बसणारे दहापैकी बहुतेक पालक "बाटली किती मोठी होती" हे सांगतात. मी विचारते, ती संपायला किती वेळ लागला?

आंबट-गोड पेयाचा घोट घेतला की काही मिनिटांत दातावरचा सामू खाली घसरतो. अमेरिकी संशोधक स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हा उतार मोजून त्याचा आलेख काढला. लाळ ते आम्ल धुऊन, सौम्य करून सामू परत वर आणते, पण त्याला अर्धा तास, कधी एक तास लागतो. जेवताना एक ग्लास पेय पाच मिनिटांत संपवलं तर दाताला एक फटका बसतो आणि लाळ तो भरून काढते. तीच बाटली रात्री दहा ते एक, एकेक घोट करत संपवली तर प्रत्येक घोटाला घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. तीन तास दात मर्यादेच्या खालीच. बाटली तीच आणि साखर तीच असली तरी नुकसान कित्येक पट होतं.

स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४० च्या दशकात मतिमंद रुग्णांना वेगवेगळ्या पद्धतीने साखर देऊन त्यांचे दात तपासले गेले. त्या लोकांची संमती न घेता केलेला तो प्रयोग अमानुष होता आणि तसं म्हणायलाच हवं. त्यातून कळलेली गोष्ट मात्र आज जगभरच्या दंतवैद्यकाच्या पायाशी आहे: जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड थोडीच वाढली, जेवणांच्या मध्ये, वारंवार, दाताला चिकटून राहणाऱ्या गोडाने ती झपाट्याने वाढली.

यात आपल्या उन्हाळ्याची भर पडते. परभणी, नांदेडला पारा ४२-४३ वर गेला की शरीरातलं पाणी कमी होतं आणि लाळही कमी सुटते. लाळ हेच दाताचं खरं संरक्षण. तोंड कोरडं असताना, घसा सुकलेला असताना थंड कोला पिणं म्हणजे संरक्षण नसलेल्या वेळी आम्ल ओतणं. झोपेतही लाळ खूप कमी होते. म्हणून रात्री ब्रश केल्यानंतरचा शेवटचा घोट दिवसभरातल्या सगळ्या घोटांपेक्षा महाग पडतो. मुलाला एवढी एकच गोष्ट पटवता आली तरी खूप झालं: तहान लागली की आधी साधं पाणी, आणि अभ्यासाच्या टेबलावर पाण्याशिवाय दुसरी बाटली नको.

एनर्जी ड्रिंकबद्दल वेगळं बोलते, कारण स्वस्तात मिळणारं ते पेय आता प्रत्येक टपरीवर आहे. आम्ल, बहुतेकांत साखर आणि वर कॅफीन. लहान मुलांनी, गर्भवती आणि स्तनदा मातांनी घेऊ नये असं त्याच्या डब्यावरच छापलेलं असतं. ते कुणी वाचत नाही. जागरणासाठी हवंच असेल तर बिनसाखरेचा किंवा अगदी कमी साखरेचा दुधाचा चहा दातांच्या दृष्टीने त्यापेक्षा कितीतरी बरा.

साखरेचा हिशेबही सांगते. नेहमीच्या कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या वर, चहाचे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली मर्यादा प्रौढ माणसाला दिवसभरात सुमारे ५० ग्रॅम आणि शक्य असेल तर २५. एका बाटलीत ती २५ ग्रॅमची मर्यादा संपली. मग घरी पाहुणे आले की होणारा चहा त्यावर वेगळा.

तुम्ही विचारलेल्या घरच्या पेयांकडे येते.

ताक बंद करू नका, उलट वाढवा. ताकाचा सामू चार-साडेचारच्या आसपास, म्हणजे ५.५ च्या खालीच, तरी ते इनॅमल झिजवत नाही. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं भरलेलं असतं की दातातून आणखी बाहेर काढायला जागाच उरत नाही. साखर न घातलेलं ताक, मीठ-जिरं घातलेला मठ्ठा हे आपल्या उन्हाळ्याचं उत्तम पेय आहे. लग्नाच्या पंगतीतून मठ्ठ्याचं पातेलं जाऊन कोल्ड्रिंकच्या बाटल्या आल्या याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लिंबू सरबताचं तसं नाही. "पाणी घालून पातळ केलंय" हा समज चुकीचा आहे. दहापट पाणी घातलं तरी सामू एका अंकानेही धड वाढत नाही. सरबत प्या, पण जेवणाबरोबर किंवा उन्हातून आल्यावर एकदा, एका बसण्यात संपवा आणि वर दोन घोट साधं पाणी तोंडात फिरवून गिळा. वजन कमी करायला रोज सकाळी उपाशीपोटी गरम पाण्यात लिंबू-मध घेणाऱ्या बायकांचे दात मला फार झिजलेले दिसतात. रात्रभर कोरडं राहिलेलं तोंड, त्यात आम्ल, आणि पाणी गरम; उष्णतेने आम्लाची क्रिया जोरात होते. वर त्यानंतर लगेच ब्रश. हा प्रकार घरात कुणी करत असेल तर थांबवा. कैरीचं पन्हं आणि चिंचेचं पाणी याच रांगेतलं. वर्षातून थोडे दिवस, जेवणाबरोबर, यात काही बिघडत नाही.

उसाचा रस आम्लापेक्षा साखरेमुळे विचारात घ्यावा लागतो. नुसता रस फारसा आंबट नसतो, पाचच्या आसपास, पण रसवंतीवर त्यात लिंबू पिळलं की सामू खाली जातो. साखर जवळपास कोल्ड्रिंकइतकी, बऱ्याचदा जास्तच. रसवंतीवर बसून एक ग्लास प्यायला आणि उठलं, ठीक. बाटलीत भरून घरी आणून दिवसभर घोट घेतले तर नाही. जालना आणि छत्रपती संभाजीनगरकडच्या मोसंबीचंही तेच: फळ चावून खाल्लं तर चावताना लाळ भरपूर सुटते, चोथा पोटात जातो. रस काढला की आम्ल आणि साखर तेवढी उरते. मोसंबी खा, रस क्वचित.

साधा सोडा, म्हणजे नुसतं गॅसचं पाणी, दातांना फारसं बाधत नाही, त्यातलं आम्ल अगदी सौम्य असतं. लिंबू सोडा मात्र लिंबाच्या खात्यात. आणि एक अपवाद ठासून सांगते. उन्हाचा तडाखा बसला, जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस देताना दातांचा विचार करायचा नाही. जीव आधी. फक्त औषध दुकानातली खरी ओआरएस पावडर घ्या, फळांच्या चवीची गोड पाकिटं नव्हे.

ब्रशबद्दल मुलाला सांगा की दोन वेळा करतोय हे चांगलं, पण कोल्ड्रिंकनंतर लगेच नको. आम्लाने वरचा थर काही वेळ मऊ असतो आणि त्यावर जोरात ब्रश फिरवला की तो मऊ थर खरवडून निघतो. साध्या पाण्याने चूळ भरायची आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. मऊ केसांचा ब्रश, फ्लोराइड असलेली पेस्ट. पेस्टवर फ्लोराइडचं प्रमाण लिहिलेलं असतं, आपल्याकडे मोठ्यांच्या पेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएम असतं. रात्री घासल्यावर फेस थुंकायचा, पण पाण्याने खळाखळा धुवायचं नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर टिकतं. राखुंडी, मीठ-कोळसा, मिश्री यांपैकी काहीही झिजलेल्या दातावर नको. घरातल्या मोठ्या माणसांचा यावर विश्वास असतो हे मला माहीत आहे, तरीही.

स्ट्रॉने प्यायलं तर फायदा होतो, पण स्ट्रॉचं टोक दातांच्या मागे जिभेवर असेल तरच. पेय तोंडात खेळवत बसायची सवय असेल तर ती आधी मोडा. मध्ये भूक लागली तर बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, जमलं तर चीजचा तुकडा. चावण्याने लाळ सुटते आणि सामू लवकर वर येतो.

आता उपचार. मुलाच्या दातांचा डेंटिन किती उघडा पडलाय त्यावर सगळं अवलंबून. नुसती शिरशिरी असेल तर दवाखान्यात दातांवर फ्लोराइड वार्निशचा थर देतात आणि घरी संवेदनशील दातांसाठीची पेस्ट वापरायला सांगतात. ती दोन-चार दिवसांत नाही, काही आठवड्यांत गुण देते. कडा तुटायला लागल्या असतील किंवा खळगे पडले असतील तर दाताच्या रंगाचं कंपोझिट भरून झाकतात. कळ आपोआप उठत असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल, तर नस दुखावलीय का हे पाहावं लागतं. पेयांची सवय सुटली नसेल तर मात्र भरलेल्या कडेशेजारचा दात पुन्हा झिजतो, आणि मुलाला हे डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं बरं. आईने सांगितलं की ते टोकणं वाटतं.

आणखी एक तपासून घ्या. आरशात वरच्या दातांची आतली बाजू, टाळूकडची, जास्त झिजलेली दिसली तर कारण पेय नसून पोटातलं आम्ल असू शकतं. मेसचं तिखट जेवण, जागरण, परीक्षेचा ताण यांनी छातीत जळजळ, आंबट ढेकर होत असतील तर फिजिशियनलाही दाखवा. लातूरमध्येच दंत महाविद्यालय आहे, तिथे कमी खर्चात तपासणी होते. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. संभाजीनगरचं शासकीय आहे.

धाकटीचं बहुधा वेगळं आहे. पांढरे-तपकिरी पट्टे डाव्या-उजव्या बाजूला सारखे, आणि दात येतानाच तसे आले असतील, तर ते पेयांचं काम नाही, पाण्यातल्या जास्त फ्लोराइडचं लक्षण वाटतं. मराठवाड्यात नांदेड, बीडसह बऱ्याच भागांतल्या खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. पेस्टमधलं फ्लोराइड दाताला बाहेरून लागतं आणि उपयोगी पडतं. दात हाडाच्या आत घडत असताना, साधारण आठ वर्षांपर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर इनॅमल सच्छिद्र बनतं आणि पट्टे येतात. तीव्र असेल तर असं इनॅमल लवकर तुटतं, म्हणून तिला गोड आणि आंबट पेयांपासून मोठ्या मुलापेक्षाही जास्त जपा. पट्ट्यांसाठी आत्ताच घासून काढायचे उपचार करायची घाई नको. कायमच्या दातांचं येणं पुरं झालं की दिसण्यासाठीचे उपाय ठरवता येतात. ब्रश करताना पेस्ट वाटाण्याएवढीच, आणि ती गिळत नाही ना हे शेजारी उभं राहून पाहा. सहाव्या वर्षी मागे येणारी पहिली मोठी दाढ कायमची असते, दुधाची नव्हे. तिच्या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बंद करता येतील का हे त्याच भेटीत विचारा.

पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा ग्रामपंचायतीमार्फत तपासायला द्या, आणि त्यावर फ्लोराइड तपासायचं आहे असं स्पष्ट लिहा. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत योग्य, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं ते वाढतंच. अहवालात जास्त आलं तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी गावच्या आरओ प्लांटचं किंवा नळयोजनेचं पाणी वापरा. धुण्याभांड्याला बोअर चालेल.